लोखंडाचा गंधार

मृदुला खांबेटेनं गाणं सोडलं असं कुणी म्हटलं, तर तिला ते पटत नसे. तिनं सोडलं नव्हतं, ते थांबलं होतं. मिरजेला अकरा वर्षं ती शिकली होती. गुरुजींच्या मागे तंबोऱ्यावर बसत होती, दोन-तीनदा स्वतंत्र बैठकही झाली होती. मग लग्न झालं आणि नवऱ्याच्या, शरच्चंद्रच्या नोकरीपायी ती चिंचवडला आली.

कंपनीच्या लोकांसाठी बांधलेल्या तीन मजली इमारतीत त्यांचं बिऱ्हाड होतं. भिंती पातळ. वरचा माणूस रात्रपाळी करून सकाळी सातला झोपायचा, शेजारचा पहाटे, खालचा दुपारी, समोरचा संध्याकाळी. चोवीस तासांत कुणी ना कुणी झोपलेलं नाही, अशी वेळच त्या इमारतीत नव्हती. आल्या आल्या पहिल्याच आठवड्यात मृदुलानं पहाटे तंबोरा काढला. पंधरा मिनिटांत दारावर टकटक झाली. शेजारच्या कौशल्याबाई उभ्या होत्या.

"छान गाता हो तुम्ही," त्या कुजबुजल्या. "पण आमचे हे आत्ताच पडलेत. शिफ्टवरून आले ना."

रागावून म्हणाल्या असत्या, तर मृदुलानं उलट काही तरी ऐकवलं असतं. त्या इतक्या आर्जवानं बोलल्या की तिनं तंबोऱ्याला गवसणी घातली, आणि ती पुढं आठ वर्षं निघाली नाही.

१९७३च्या जूनमध्ये स्टेशनच्या पलीकडच्या अभियांत्रिकी कॉलेजात तिला ग्रंथपालाची जागा मिळाली. कॉलेज नवं होतं. आजूबाजूला अजून बाभळी होत्या आणि पावसाळ्यात फाटकापर्यंत चिखल तुडवत जावं लागे. मुलं बहुतेक लांबून आलेली, सातारा, नगर, बीड, रत्नागिरीकडची. सकाळी वर्ग, दुपारी वर्कशॉप, संध्याकाळी होस्टेल. त्या पोरांना चौथं काही नव्हतं.

लायब्ररीच्या मागच्या खिडकीखाली वर्कशॉप होतं. एके दुपारी मृदुला पुस्तकांवर नंबर घालत बसली होती. खाली कुणी तरी कापलेल्या पाइपांचे तुकडे उचलून भंगाराच्या ढिगावर फेकत होतं. खण. खण. ठण. आणि मग एक तुकडा दुसऱ्यावर आपटून असा वाजला की तिच्या हातातलं पेन थांबलं. पाठोपाठ दुसरा. षड्ज आणि पंचम, अगदी स्वच्छ, जणू कुणी तंबोरा लावत होतं.

ती उठली आणि जिना उतरून थेट वर्कशॉपच्या दारात गेली. तिथं कधी कुठली बाई आली नव्हती. लेथवरची मुलं बघतच राहिली. वर्कशॉपचे प्रमुख हिंदुराव काळोखे कपाळावरचा घाम पुसत पुढे आले. पन्नाशीचे, रुंद खांद्यांचे, देहूरोडच्या पलीकडच्या एका वाडीतले. आयुष्य कारखान्यांत गेलेलं.

"काय पायजे बाई? आवाजाचा तरास होतोय का वर?"

"नाही. आत्ता तुम्ही फेकलेत ना, ते दोन पाइप हवेत."

हिंदुरावांनी तिच्याकडे नीट पाहिलं. मग ढिगातून बरोबर तेच दोन तुकडे काढले, एकावर एक टिचकी मारली आणि हळू आवाजात म्हणाले, "सा आन् पा. व्हय ना?"

"तुम्हाला कळतं?"

"वाडीतल्या भजनात पखवाज वाजवतो. तीस वरसं झाली." त्यांनी इकडं तिकडं बघितलं. "हितं कुनाला ठावं न्हाई. तुमी बी बोलू नका. हितं मी हेड हाय."

त्या दिवसापासून दोघांची ओळख झाली. ती ओळख वाढायला निमित्त झालं ज्ञानदेव गित्तेचं.

ज्ञानदेव परळीकडचा. तिसऱ्या वर्षाला होता. रोज संध्याकाळी लायब्ररीत येऊन यंत्रांच्या कंपनांवरचं जाडजूड इंग्रजी पुस्तक उघडून बसे. पान मात्र उलटत नसे. त्या विषयात तो दोनदा नापास झाला होता. तोंडी परीक्षेला बसला की घशातून शब्दच निघत नसे, एक तर इंग्रजी नाही, आणि आपली बोली ऐकून मुलं हसतात हे मनात पक्कं बसलेलं.

"वाचतोयस ना रे?" एकदा मृदुलानं विचारलं.

"वाचायलोय बाई," तो खाली मान घालून म्हणाला. "पण कळंना. ही गणितं कशाची हायत तेच दिसंना डोळ्याला."

मृदुलाच्या टेबलाच्या खणात ते दोन पाइप होते. तिनं एक काढून त्याच्या हातात दिला, वर लाकडी पट्टी मारली. पाइप वाजला, पण आवाज लगेच मेला.

"तुझ्या हातानं दाबला गेला," ती म्हणाली. "दुसरीकडे धरून बघ."

ज्ञानदेवनं मधोमध धरला. मेला. टोकाला धरला. मेला. मग तो दोन बोटांच्या चिमटीत पाइप धरून ती चिमटी सरकवत, वाजवत राहिला. एका जागी बोटं आली आणि पाइप एकदम गायला लागला. लांब, गोल आवाज. लायब्ररीतली दोन-चार डोकी वर झाली. ज्ञानदेवनं दुसऱ्या बाजूनं तेवढंच अंतर मोजून तिथं धरलं. पुन्हा गायला.

"हितं तो हलतच नाही बाई," तो चकित होऊन म्हणाला. "सगळा हलतो, पण ह्या दोन जागा हलत नाहीत. म्हणून हितं धरलं तर आवाज मरत नाही."

त्यानं फूटपट्टी आणून मोजलं. मग तेच जाड पुस्तक ओढलं आणि पहिल्यांदाच पानं उलटायला लागला. अर्ध्या तासानं एका आकृतीवर बोट ठेवून तो थांबला. टोकापासून, लांबीच्या शंभरामागे साडेबावीस. पुस्तकात होता तोच आकडा त्याच्या चिमटीनं शोधला होता.

मृदुलानं दुसऱ्या दिवशी अर्ज लिहिला आणि प्राचार्यांच्या केबिनमध्ये गेली.

प्राचार्य वर्तकांना सगळे नानासाहेब म्हणत. कडक, नेमके, बुटांना रोज पॉलिश असलेले गृहस्थ. शनिवारी दुपारी एक तास मुलांना गाणं-वाजवणं शिकवायची परवानगी द्यावी, एवढंच अर्जात होतं. नानासाहेबांनी तो वाचला आणि परत केला.

"खांबेटेबाई, तुम्ही इथं नव्या आहात. दोन वर्षांपूर्वी आपल्या गॅदरिंगला काय झालं ते विचारा कुणालाही. ऑर्केस्ट्रा आला, सिनेमाची गाणी सुरू झाली, आणि पोरांनी दीडशे खुर्च्या मोडल्या. गावठाणातली माणसं बायकामुलांना घेऊन आली होती, ती पळत घरी गेली. तेव्हापासून गॅदरिंग बंद आहे. मला इथून इंजिनिअर बाहेर पाठवायचे आहेत."

"सर, खुर्च्या मोडल्या त्या त्यांना नुसतं ऐकवलं म्हणून. करू दिलं असतं तर—"

"या कॉलेजच्या फाटकातून पेटी, तबला, काही म्हणजे काही आत येणार नाही," नानासाहेबांनी वाक्य तोडलं. "हा माझा शब्द आहे."

मृदुला बाहेर आली ती थेट वर्कशॉपमध्ये गेली. हिंदुरावांना तिनं सगळं सांगितलं. ते मिशीवरून हात फिरवत बसले.

"फाटकातनं येनार न्हाई म्हनले?"

"हो."

"मंग हितंच करू की."

वर्कशॉपमागं पत्र्याची एक रिकामी शेड होती. शनिवारी वर्ग सुटले की तिथं पहिल्यांदा सहा मुलं जमली, मग अकरा. भंगारातून पाइप निवडायचे, कापायचे, कानशीनं घासायचे, वाजवून बघायचे. एक सूर, एक नळी. लाकडी चौकटीवर दोन दोऱ्या ताणायच्या आणि ज्ञानदेवनं शोधलेल्या जागी नळी त्यांवर ठेवायची. बारा सुरांचा पसारा एकदम झेपणार नाही म्हणून मृदुलानं भूप निवडला. सा, रे, ग, प, ध. पाचच सूर. वरखाली मिळून नऊ नळ्या पुरतील.

मोजमाप ठरवायला मुलांनी नंदकिशोर सबनीसांना गाठलं. कंपनांचा विषय शिकवणारा हा तरुण प्राध्यापक, ज्ञानदेवला दोनदा नापास करणारा. प्रकार ऐकून त्याला गंमत वाटली. मृदुलाच्या आवाजातल्या षड्जाला जुळणारी नळी ऐंशी सेंटिमीटरची निघाली होती. त्यावरून त्यानं बाकी आठ नळ्यांच्या लांब्या काढून कागदच दिला. मुलांनी मिलिमीटर सोडला नाही. दोन शनिवारांत नऊ नळ्या दोऱ्यांवर चढल्या.

मृदुलानं हातोडी घेऊन एकेक वाजवली. तिसऱ्या नळीवर तिचा चेहरा आखडला.

"गंधार चढलाय."

"शक्य नाही," नंदकिशोर म्हणाला. "मी स्वतः मोजलाय."

"मोजला असेल. पण चढलाय."

"किती?"

"थोडा." तिनं गंधार गाऊन दाखवला आणि लगेच नळी वाजवली. "ऐकू येत नाही का? हा माझा, आणि हा तुमचा. तुमचा उभा राहून बघतोय, माझा बसलाय."

मुलं हसली. नंदकिशोरला राग आला, पण तो अभ्यासू माणूस होता. त्यानं तिच्या गाण्यावरून ज्ञानदेवला दुसरी नळी कापायला लावली. ज्ञानदेव कानस मारायचा, वाजवायचा, बाई मान हलवायच्या, तो पुन्हा कानस मारायचा. शेवटी बाईंनी "हं" म्हटलं. नवी नळी मोजली, तर जुन्यापेक्षा जेमतेम तीन मिलिमीटर लांब.

"तीन मिलिमीटर कुणाला ऐकू येत नाहीत," नंदकिशोर म्हणाला आणि ड्रॉइंग बोर्ड उभा करून त्याच्या आड गेला. "मी मनाला येईल तशी वाजवतो. तुम्ही ओळखा."

त्यानं दहा वेळा वाजवली. एकदा तर एकच नळी लागोपाठ तीनदा. दहाही वेळा मृदुलानं बरोबर सांगितलं. मग नंदकिशोर बाहेर आला, खाली बसला आणि त्यानं पेन्सिल काढली. सप्तकाचे बारा सारखे भाग करणाऱ्या हार्मोनियमच्या हिशेबातला गंधार बाजूला ठेवून त्यानं गंधार आणि षड्ज यांचं पाचास चार हे साधं प्रमाण धरलं आणि नव्यानं लांबी काढली. उत्तर ज्ञानदेवच्या नळीशी जुळलं. त्यानं कागद मुलांना दाखवला.

"माझं गणित बरोबर होतं," तो म्हणाला. "पण मी चुकीच्या गंधाराचं केलं. बाई, पुढच्या शनिवारी मी येऊ का? नुसता बसेन."

"नुसतं बसायचं नाही इथं," मृदुला म्हणाली. "कानस घ्या."

दिवाळीनंतर शेडमध्ये तीस मुलं येऊ लागली. ताल धरायला हिंदुरावांनी एक रिकामं लाकडी खोकं पुढ्यात घेतलं आणि पखवाजाचे बोल त्यावर असे काढले की पोरं तोंडात बोटं घालून बघत राहिली. वर्कशॉपभर ज्यांचा दरारा, ते हेडसाहेब डोळे मिटून मान डोलावत होते.

आणि अशाच एका शनिवारी शेडच्या दारात नानासाहेब उभे राहिले.

सगळं एकदम थांबलं. नानासाहेब आत आले, चौकटीभोवती फिरले.

"मी काय सांगितलं होतं, खांबेटेबाई?"

हिंदुराव उठून उभे राहिले.

"साहेब, फाटकातनं काय बी आलेलं न्हाई. लोखंड हितलं, लाकूड हितलं, हात हितलं."

नानासाहेबांचे ओठ आवळले गेले. ते ज्ञानदेवकडे वळले आणि एका नळीवर बोट ठेवून त्यांनी इंग्रजीत विचारलं, की ही नेमकी इथंच का टेकवली आहे? ज्ञानदेवनं मृदुलाकडे पाहिलं, नंदकिशोरकडे पाहिलं. नंदकिशोर हळूच म्हणाला, "मराठीत सांग."

"सर, नळी वाजली की ती सगळी हलते," ज्ञानदेव बोलू लागला. आधी चाचरत, मग हातात नळी घेऊन. "मध्ये लई हलते, टोकाला लई हलते. पण ह्या दोन जागा जाग्यावरच असत्यात. हितं टेकवलं तर टेकू तिला अडवत नाही. दुसरीकडं टेकवलं, तर आवाज टेकूतच जिरतो. मशिनचं बी तसंच असणार सर. ज्या जागी हलत नाही तिथं बोल्ट मारला, तर हादरा जमिनीत उतरणार नाही." मग त्यानं नळी धरून, दाबून, सोडून सगळं करून दाखवलं.

प्राचार्य होऊन इथं येण्याआधी नानासाहेबांनी तो विषय वीस वर्षं शिकवला होता. ते ऐकत राहिले. मुलाचं बोलून झाल्यावर त्यांनी स्वतः हातोडी घेतली, एक नळी वाजवली आणि आवाज पूर्ण विरेपर्यंत थांबले.

"फेब्रुवारीत गॅदरिंग घ्यायचं संस्थेनं ठरवलंय," ते म्हणाले. "माझ्या मनाविरुद्ध. पुण्याहून ऑर्केस्ट्रा येणार आहे. सुरुवातीची दहा मिनिटं तुमची. आणि या वेळी एक जरी खुर्ची मोडली, तर ते कायमचं बंद. हेही, तेही."

त्या दिवसापासून मृदुलाला धडकी भरली, कारण मुलांनी ठरवून टाकलं होतं की नळ्या मुलं वाजवतील आणि बाई गातील.

"आठ वर्षं गळा बंद आहे माझा," ती शरच्चंद्रला म्हणाली. "हजार माणसांपुढे काय गाऊ?"

शरच्चंद्र कमी बोलणारा माणूस. तो म्हणाला, "रविवारी नदीकाठी जात जाऊ. तिथं कुणी झोपलेलं नसतं." आणि रविवारी सकाळी स्कूटरवर तंबोरा आडवा धरून ते दोघं पवनेच्या काठी जाऊ लागले. मृदुला गायची. तो कातळावर बसून पेपर वाचायचा, आणि पान मात्र बराच वेळ उलटायचा नाही.

गॅदरिंगच्या संध्याकाळी मैदान फुलून गेलं होतं. पुढं संस्थेची मंडळी, मग गावठाणातली कुटुंबं, पहिली शिफ्ट संपवून आलेले कामगार, मागं सातशे विद्यार्थी. पण आयत्या वेळी कार्यक्रमाचा क्रम बदलला. विद्यार्थ्यांच्या प्रतिनिधीनं नळ्यांची चौकट मंचामागं सरकवून दिली. "बाई, आधी नळ्या वाजवल्या तर लोक बसणारच नाहीत. आधी ऑर्केस्ट्रा होऊ दे. मग बघू." मृदुलाला वाईट वाटलं, आणि मनातून सुटल्यासारखंही झालं.

ऑर्केस्ट्राचं दुसरं गाणं रंगात आलं. गिटार, माइक, रंगीत दिवे. मुलं खुर्च्यांवर उभी राहून शिट्ट्या मारू लागली. आणि ठप्प! दिवे गेले, माइक गेला, गिटार मुकी झाली. त्या वर्षी वीजकपात नेहमीचीच होती, पण त्या संध्याकाळी ती येईल असं कुणी धरलं नव्हतं.

पाच मिनिटं हशा झाला. दहाव्या मिनिटाला आरडाओरडा सुरू झाला. बायका मुलांना जवळ ओढू लागल्या. मागून एक खुर्ची हवेत उचलली गेलेली अंधुक उजेडात दिसली. नानासाहेब मंचावर चढून "शांत व्हा, शांत व्हा" ओरडत होते, पण त्यांचा आवाज पहिल्या रांगेपलीकडे पोचत नव्हता.

हिंदुराव मृदुलाजवळ आले. "बाई, चला."

"आत्ता? माइक नाही. आवाज कुठवर जाणार?"

"माझा न्हाई, तुमचा न्हाई," हिंदुराव म्हणाले. "पन लोखंड जातंय."

चार पोरांनी चौकट उचलून मंचाच्या पुढच्या कडेला आणली. गावठाणातल्या कुणी तरी गॅसबत्ती पेटवून वर ठेवली. ज्ञानदेवनं हातोडी उचलली आणि षड्जाच्या नळीवर पूर्ण ताकदीनं घाव घातला.

तो सूर मैदानावरून सरळ मागच्या कुंपणापर्यंत गेला. त्यानं तो विरू दिला आणि पुन्हा मारला. पुन्हा. तिसऱ्या घावाला पुढच्या रांगा गप्प झाल्या, पाचव्याला मधल्या. मग सगळ्या नळ्या एकेक करत बोलू लागल्या, सा, रे, ग, प, ध, आणि मागच्या पोरांना कळलं की हे आपल्याच वर्कशॉपमधलं लोखंड आहे.

"अरे, ते आपले पाइप आहेत!" कुणी तरी ओरडलं.

"गप रे, ऐकू दे," दुसऱ्यानं दाबलं.

मृदुलानं डोळे मिटून षड्ज लावला आणि तो फाटला. मागं एक जण हसला. त्याच क्षणी ज्ञानदेवनं षड्जाची नळी पुन्हा वाजवली, जोरात नव्हे, मऊ, जणू तिला हात दिला. ती त्या सुराला टेकली. दुसऱ्यांदा लावलेला षड्ज स्थिर राहिला. तो तिनं ओढला, वाढवला, आणि छाती मोकळी झाल्यासारखं वाटलं. मग तिनं रिषभाला स्पर्श केला आणि गंधारावर येऊन बसली.

तो गंधार लोखंडाच्या गंधारात असा मिसळला की कुठला गळ्यातला आणि कुठला नळीतला हे पहिल्या रांगेतल्या नंदकिशोरलाही सांगता येईना. त्यानं शेजारच्या माणसाचा हात घट्ट धरला. ते संस्थेच्या अध्यक्षांचं कोपर होतं, हे त्याला फार उशिरा समजलं.

हिंदुरावांनी खोक्यावर ठेका धरला. मुलं हिशेबानं नळ्या वाजवत होती. तराणा सुरू झाला तेव्हा लय चढली, आणि सातशे पोरांच्या टाळ्या ठेक्यावर पडू लागल्या. कुणी सांगितलं नव्हतं. कामगार उभे राहून ऐकत होते. दहा मिनिटांची वीस झाली, विसांची चाळीस. मृदुलाला वेळेचं भान नव्हतं. आठ वर्षं गवसणीत बांधलेलं सगळं बाहेर येत होतं आणि ते संपत नव्हतं.

तेवढ्यात वीज आली. लाल-निळे दिवे भक्कन पेटले, माइक खरखरला, बंद पडलेल्या अॅम्प्लिफायरनं किंकाळी फोडली. मृदुला दचकून थांबली.

"लाइट बंद करा!" मागून आवाज आला. मग दहा आवाज, मग शंभर. "बंद करा! बंद करा! बाई, थांबू नका!"

ऑर्केस्ट्रावाले एकमेकांकडे बघू लागले. नानासाहेब खुर्चीवरून उठले. ते मंचाच्या बाजूला गेले, तिथल्या विजेच्या पेटीचं झाकण उघडलं आणि आपल्या हातानं मेन स्विच खाली ओढला. अंधार झाला. फक्त गॅसबत्ती राहिली. मैदानातून असा जल्लोष उठला की रेल्वे लायनीपलीकडच्या घरांतली माणसं बाहेर आली. नानासाहेब खुर्चीकडे परत गेलेच नाहीत. तिथंच मंचाच्या कडेला, पायरीवर, कडक इस्त्रीच्या पँटनिशी बसले आणि मृदुलाला मानेनं "चालू द्या" म्हणाले.

त्या संध्याकाळी एकही खुर्ची मोडली नाही. कार्यक्रम संपल्यावर मुलांनी स्वतःच त्या रचून ठेवल्या. हिंदुरावांना त्यांनी खांद्यावर घेतलं. ते "अरं उतरवा, उद्या वर्कशॉपला बघतो एकेकाला" ओरडत होते आणि डोळ्यांतून धारा लागल्या होत्या. कौशल्याबाई नवऱ्याला घेऊन आल्या होत्या. तो माणूस पुढं येऊन म्हणाला, "वहिनी, मीच तो शिफ्टवाला. माझ्यामुळे बंद झालं होतं ना हे? मला माहीतच नव्हतं." मृदुलाला हसू आलं आणि रडूही.

ज्ञानदेव एप्रिलमध्ये तोंडी परीक्षेला बसला. परीक्षक बाहेरचे होते. त्यानं परवानगी मागितली, मराठीत बोलला आणि वर्गात पहिला आला.

पण त्याच्या कितीतरी आधी, गॅदरिंगनंतरच्या पहिल्याच सोमवारी सकाळी नोटीस बोर्डावर नानासाहेबांच्या सहीचा कागद लागला. दर शनिवारी शेवटचा तास सर्व शाखांसाठी कलेचा. गाणं, वाद्य, चित्र, नाटक, ज्याला जे हवं ते. वेळापत्रकात छापलेला, हजेरी घेऊन. मृदुलाला वाटलं, चाळीसेक मुलं येतील. पहिल्या शनिवारी ती कॉलेजच्या सर्वात मोठ्या हॉलमध्ये गेली, तर बाकांवर जागा नव्हती, खिडक्यांत मुलं बसली होती आणि त्या वर्षी प्रवेश घेतलेल्या तीन मुली दारातच उभ्या होत्या. मोजदाद केली, एकशे त्रेचाळीस. मागच्या बाकावर वर्कशॉपचे चार फिटर. त्यांच्या शेजारी नानासाहेब.

"आज काही शिकवत नाही," मृदुला म्हणाली. "फक्त एक सूर लावायचा. षड्ज. सगळ्यांनी."

लावला. एकशे त्रेचाळीस सूर एकशे त्रेचाळीस दिशांनी गेले. तिनं कान झाकले आणि हसली. मुलंही हसली. पुन्हा लावला. कुणी वर, कुणी खाली, नानासाहेब तर कुठंच नव्हते. ती बाकांमधून फिरत राहिली, एकेकाच्या तोंडाजवळ कान नेत, "खाली ये, थोडा खाली, तू वर जा" म्हणत. अर्धा तास गेला. तीन मुलींपैकी एकीला, इंद्रायणीला, तिनं पुढं उभं केलं. तिचा सूर सुरेख होता. "हिच्याकडे बघा आणि हिच्यात मिसळा."

तासाची शेवटची दोन मिनिटं राहिली असताना ते झालं. आधी पुढच्या बाकांवर, मग मध्ये, आणि मग मागच्या भिंतीपर्यंत सगळे आवाज एकाच जागी आले. हॉलच्या खिडक्यांच्या काचा थरथरल्या. खाली वर्कशॉपमध्ये कुणी तरी लेथ बंद केला. नानासाहेब डोळे मिटून, गळ्याच्या शिरा ताणून गात होते, आणि आता अगदी बरोबर होते.

घंटा झाली. कुणी थांबलं नाही.